राहत होते की राहून आले?

रविवारची रात्र. साडेअकरा वाजलेले. सोमवारी सकाळी नऊला माझा रिव्ह्यू आणि नवऱ्याचा क्लायंट कॉल. अशा वेळी शहाणी माणसं झोपतात. आम्ही दोघं मात्र डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून, मधे फरसाणाचा डबा ठेवून कॅनडाच्या पर्मनंट रेसिडन्सीचा फॉर्म भरत बसलो होतो. एक्स्प्रेस एन्ट्रीचं आमंत्रण आलं की अर्ज पूर्ण करायला ६० दिवस मिळतात. त्यातले ४१ आम्ही ‘या वीकेंडला नक्की’ म्हणण्यात घालवले होते. (हसू नका. तुमचं इन्कम टॅक्स रिटर्न कधी जातं, ते मला माहीत आहे.)

तर, नवऱ्यानं प्रश्न मोठ्यानं वाचला. गेल्या पाच वर्षांत स्वतःचा देश सोडून दुसऱ्या एखाद्या देशात तुम्ही सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिला आहात का?

“तू राहिलीयेस की!” तो म्हणाला. “ताईकडे. कॅनडातच!”

“हो ना, चांगली सहा महिने राहिले,” मी म्हटलं. त्याचं बोट ‘येस’वर गेलं आणि का कोण जाणे, मी त्याचा हात धरला. “थांब जरा. ते ‘राहणं’ धरतात का?”

सगळा लोच्या आपल्या मराठीचा आहे. आपण पुण्यात राहतो. दिवाळीत मामाकडे राहायला जातो. पार्टीला उशीर झाला तर मैत्रीण म्हणते, आज इथेच राहा. तिन्हीकडे क्रियापद एकच. माहेरी चार दिवस राहून येणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही, की मग तुझा कायमचा पत्ता कुठला? इमिग्रेशनवाले मात्र नेमकं तेच विचारतात, आणि उत्तर चुकलं तर ‘असू दे, बोलण्याची पद्धत असते एकेकाची’ असं म्हणत नाहीत.

गोष्ट २०२२ची. ताई मिसिसागाला असते, टोरांटोच्या शेजारी. तिचं बाळंतपण मे महिन्यात आणि नेमकं एप्रिलमध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मग ताईच्या मदतीला जाणार कोण? मी. कारण घरात त्या वेळी मीच एक मोकळी होते. (मोकळी म्हणजे कशी, ते पुढे सांगते. तिथेच तर खरी गोची आहे.) व्हिजिटर व्हिसा काढला, बॅगेत डिंकाचे लाडू आणि अळीव भरले आणि ९ एप्रिलला जाऊन उतरले. परत निघाले ती २७ सप्टेंबरला.

या पाच-साडेपाच महिन्यांत मी नायगारा एकदा पाहिला. बाकी वेळ भाचीला पाहिलं. प्रेस्टो कार्ड टॅप करून बसनं स्क्वेअर वनला जायचं, येताना इंडियन ग्रोसरीतून मेथी आणायची. टिम हॉर्टन्सच्या काउंटरवर ‘डबल-डबल’ म्हटलं की दोन क्रीम आणि दोन साखर मिळते, हे चौथ्या दिवशी कळलं. कुठल्या आठवड्यात कचऱ्याचा कुठला डबा बाहेर ठेवायचा, हे जिजूंपेक्षा मला पाठ झालं होतं. संध्याकाळी बाबागाडी घेऊन पोर्ट क्रेडिटला तळ्याच्या काठी फिरायला जायचं. तळं म्हणजे लेक ओंटारियो, पलीकडचा काठ दिसत नाही. ३१ ऑगस्टला गणपती बसले तेव्हा फ्रोजन खोबऱ्याचे मोदक केले, त्यातले अर्धे फुटले. शेजारच्या पंजाबी आजी मला हाक मारायच्या ती नावानं. आता तुम्हीच सांगा, हे भेट देणं झालं की राहणं?

माझ्या मनानं उत्तर केव्हाच दिलं होतं. प्रश्न फॉर्मचा होता.

फॉर्मच्या आधी आम्ही सल्ले घेतले होते, अर्थातच. बाणेरच्या एका काचेच्या ऑफिसात एक कन्सल्टंट भेटले. टाय, ग्रीन टी, भिंतीवर मेपलचं पान. माझी हकिगत ऐकून ते खुर्चीत पुढे सरकले. “मॅडम, हे तर सोनं आहे! कॅनेडियन रेसिडन्स दाखवू या. अडॅप्टेबिलिटीला वजन येतं.” त्यांची फी ऐकून आमचंच वजन कमी झालं. दुसरा सल्ला ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा. त्याचं स्वतःचं पीआर झालंय, त्यामुळे पॅन्ट्रीत त्याच्या शब्दाला किंमत आहे. तो म्हणाला, “टुरिस्ट ट्रिप लिहूच नकोस. जितकं जास्त लिहिशील, तितके जास्त प्रश्न.”

म्हणजे एक म्हणतो फुगव, दुसरा म्हणतो गिळून टाक. दोघंही आत्मविश्वासानं सांगत होते. आणि दोघंही चूक होते.

त्या रात्री आम्ही फरसाण बाजूला सारलं आणि कॅनडा सरकारच्या सूचनाच मुळापासून वाचायला घेतल्या. वाचता वाचता माझ्या डोक्यात एक फंडा क्लिअर झाला. तो कुठल्याही कन्सल्टंटनं सांगितला नव्हता. हे लोक ‘तुम्ही कुठे राहिलात’ असं दोन अगदी वेगळ्या कारणांसाठी विचारतात. एक, तुम्हाला तपासायला. दोन, तुम्हाला काही द्यायला. तपासायचं असतं तेव्हा ते जवळजवळ सगळं मोजतात, टुरिस्ट असलात तरीसुद्धा. द्यायचं असतं तेव्हा मात्र टुरिस्टच्या पदरात फारसं काही पडत नाही. प्रश्न दिसायला सारखाच, पण हिशोब दोन!

आधी तपासणीचं बघू. ‘सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात का’ या प्रश्नात कुठल्या व्हिसावर हे विचारलेलंच नाही. उलट ‘हो’ म्हटलं की त्या देशातलं तुमचं स्टेटस विचारतात आणि त्या यादीत वर्कर, स्टुडंट यांच्या जोडीला चक्क ‘व्हिजिटर’ हाही पर्याय असतो. म्हणजे मी व्हिजिटर म्हणून सहा महिने ओलांडले असते, तर तिथे लिहावंच लागलं असतं. मी कॅलेंडर उघडून बोटं मोजली. ९ एप्रिल ते २७ सप्टेंबर, दोन्ही दिवस धरून १७२. सहा महिने व्हायला ९ ऑक्टोबर उजाडावा लागला असता. बारा दिवस कमी! इतकी वर्षं मी सगळ्यांना ‘सहा महिने राहून आले’ म्हणून सांगत होते. बोलण्यात आपण बारा दिवस असेच उडवतो. फॉर्ममध्ये त्या बारा दिवसांनी ‘येस’चं ‘नो’ होतं.

मग लिहायचंच नाही? लिहायचं, पण दुसरीकडे. प्रवासाचा वेगळा रकाना असतो. गेल्या दहा वर्षांत कुठकुठल्या देशांत गेलात, कधी, कशासाठी, ते सगळं तिथे. थायलंडची चार दिवसांची ऑफिस ट्रिपसुद्धा. माझे १७२ दिवस तिथे जायला हवे होते, कारण ‘फॅमिली व्हिजिट’. पत्त्यांचा रकाना वेगळा आणि तिथे २०२२मध्येही माझं घर म्हणजे आई-बाबांचा कोथरूडचा फ्लॅटच. माझं कपाट तिथे, बँकेची पत्रं तिथे येत होती, परतीचं तिकीट तिथलं होतं. शिवाय तिसरा रकाना : त्या दहा वर्षांत तुम्ही महिन्यागणिक काय करत होतात, नोकरी, शिक्षण, जे काही असेल ते. मधे फट ठेवायची नाही. आपल्याला वाटतं, तिन्ही ठिकाणी एकच माहिती मागतायत, आणि कंटाळून आपण कॉपी-पेस्ट करतो. पचका होतो तो तिथेच.

ऑफिसातल्या सहकाऱ्याचा ‘लिहूच नकोस’ सल्ला इथे मोडीत निघाला. अहो, ज्या देशाच्या व्हिसावर मी त्याच देशात गेले, त्या देशापासून मी ती ट्रिप लपवणार? माझा २०२२चा व्हिसा अर्ज त्यांच्याचकडे आहे. बँकेला स्वतःचंच स्टेटमेंट माहीत नसेल, असं समजण्यासारखं आहे हे.

आता नवऱ्याची गंमत ऐका. २०२३मध्ये कंपनीनं त्याला सात महिने श्टुटगार्टला पाठवलं होतं. हा माणूस तिथे काय जगला? सकाळी एस-बान, दिवसभर ऑफिस, दुपारी कॅन्टीनमध्ये माउलताशे नावाचे भरलेले मोठे मोमोसारखे प्रकार (त्याचंच वर्णन), रात्री सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये खिचडी आणि माझ्याशी व्हिडिओ कॉल. तेव्हा आमचं नुकतंच जमत होतं. शेजारी कोण राहतं, हे त्याला सात महिन्यांत कळलं नाही. पण जर्मनीत घर घेतलं की दोन आठवड्यांच्या आत सरकारदरबारी पत्ता नोंदवावा लागतो. तो त्यानं इमानदारीत नोंदवला होता. तेव्हा फॉर्मच्या लेखी हा गडी जर्मनीत ‘राहिला’. पत्त्याच्या रकान्यात श्टुटगार्ट आणि वर जर्मन पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र. गेल्या दहा वर्षांत कॅनडा सोडून कुठल्याही देशात सलग सहा महिने किंवा जास्त काळ राहिलात, तर तिथलं हे सर्टिफिकेट द्यावं लागतं. जर्मनीत ते बॉनच्या एका सरकारी कचेरीतून येतं, १३ युरो पडतात आणि त्याचं नाव ‘फ्युरुंग्सत्सॉयग्निस’. हा शब्द पहिल्यांदा उच्चारताना नवऱ्याच्या तोंडातलं शेव लॅपटॉपवर उडालं.

म्हणजे जिला शेजारच्या आजी नावानं हाक मारायच्या, ती व्हिजिटर. ज्याला शेजारी कोण ते ठाऊक नव्हतं, तो रहिवासी. असो.

‘सलग’ हा शब्द मात्र नीट वाचा, कारण दर देशात तो बदलतो. कॅनडाला सलग सहा महिने लागतात. ऑस्ट्रेलिया दहा वर्षांतले दिवस एकत्र मोजतं, सगळे मिळून बारा महिने भरले की त्या देशाचं पोलीस सर्टिफिकेट मागतं. माझ्या टीममधली एकजण वेगवेगळ्या वर्षी तीनदा बिझनेस व्हिसावर अमेरिकेला गेली, दर वेळी साडेचार महिने. तिला विचारा, तू अमेरिकेत राहिलीस का? ती म्हणेल, छे, हॉटेलात होते. कॅनडाचा अर्ज भरला तर तिला अमेरिकेचं सर्टिफिकेट लागणार नाही, कारण सलग सहा महिने एकदाही झाले नाहीत. तिनं ऑस्ट्रेलियाचा भरला तर तिन्ही मिळून साडेतेरा महिने होतात, आणि मग बसा एफबीआयला बोटांचे ठसे पाठवत! बाई तीच, ट्रिपा त्याच.

आता ‘देण्या’चा हिशोब. बाणेरच्या टायवाल्यांचं सोनं. फेडरल स्किल्ड वर्करच्या यादीत अडॅप्टेबिलिटीचे गुण असतात, हे खरं. ते मिळतात तिथे एक वर्ष रीतसर नोकरी केली असेल तर, दोन वर्षं शिकला असाल तर, तुमच्या नवरा-बायकोनं यातलं काही केलं असेल तर, किंवा जवळचं नातेवाईक तिथे स्थायिक असेल तर. फिरायला गेलात त्याचे गुण शून्य. मोदक केलेत, शून्य. कचऱ्याचे डबे पाठ आहेत, तरीही शून्य. पण यात एक भारी गोष्ट निघाली. एक्स्प्रेस एन्ट्रीच्या रँकिंगमध्ये अर्जदाराची किंवा त्याच्या जोडीदाराची सख्खी बहीण किंवा भाऊ कॅनडाचा नागरिक किंवा पीआर असून तिथे राहत असेल, तर १५ गुण मिळतात. म्हणजे मी ताईकडे १७२ दिवस राहिले त्याचं काहीच नाही, ताई तिथे राहते त्याचे पंधरा! हे ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “बघ, जन्मभर मीच तुझे पेपर सोडवतेय.”

तर, नसलेला रेसिडन्स दाखवून मिळणार होतं शून्य. आणि जाणार काय होतं? कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ४०. महत्त्वाची माहिती खोटी दिली किंवा दडवली, तर पाच वर्षं दार बंद. त्याच्या पुढचं कलम ४२ आणखी वाईट : सोबत येणारा जोडीदार अपात्र ठरला, तर मुख्य अर्जदारही लटकतो. आमच्या अर्जात मुख्य अर्जदार नवरा आहे. माझ्या एका रकान्यात झोल निघाला तर त्याची सहा वर्षांची खटपट, आयईएलटीएसची फी, त्या बॉनच्या कागदासकट सगळं पाण्यात. आणि ‘आमच्या कन्सल्टंटनं भरलं होतं हो’ हे उत्तर चालत नाही. सही आपली, जबाबदारी आपली. पैसे घेऊन असे अर्ज भरायला कॅनडाचे वकील किंवा तिथल्या कॉलेजचे परवानाधारक कन्सल्टंटच लागतात, आणि परवानाधारकांची यादी कुणालाही बघता येते. आम्ही टायवाल्यांचं नाव शोधलं. सापडलं नाही. ग्रीन टी मात्र चांगला होता.

मधेच माझ्या पोटात वेगळाच गोळा आला. मी तिथे बाळाला सांभाळलं, स्वयंपाक केला. हे ‘काम’ धरलं तर? व्हिजिटर व्हिसावर काम करायला बंदी असते! मी रात्री पाऊणला घाबरून शोधत बसले. तर कॅनडाच्या अधिकाऱ्यांसाठीच्या सूचनांमध्येच उदाहरण दिलंय, की भेटीला आलेली आई मुलीला मूल सांभाळायला मदत करते, किंवा मामा-काका भाच्या-पुतण्याला त्याचं कॉटेज बांधायला हात लावतात, तर ते काम धरत नाहीत. मला तो कॉटेज बांधणारा मामा इतका आवडला की काय सांगू. बिचारा कुठल्या कुठे विटा रचतोय, आणि मला पुण्यात झोप येतेय.

पण झोप यायची नव्हती, कारण आता तिसरा रकाना आला. एप्रिल ते सप्टेंबर २०२२, तुम्ही काय करत होतात?

नवरा टाइप करायला लागला. “सेल्फ-एम्प्लॉइड. फ्रीलान्स एचआर कन्सल्टंट. बरोबर ना?”

मी गप्प.

“अगं?”

तर ‘मोकळी’ म्हणजे कशी, ते आता सांगते. २०२२च्या जानेवारीत माझं आधी ठरलेलं लग्न मोडलं. हे नवऱ्याला माहीत होतं, ते मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पण त्याच धांदलीत मी मार्चमध्ये नोकरी सोडली होती, आणि पुढे सहा महिने मी काहीही करत नव्हते. म्हणजे लंगोट बदलत होते, पण पगाराच्या भाषेत काहीही नाही. परत आल्यावर इंटरव्ह्यूसाठी सीव्ही केला, तेव्हा ती फट डोळ्यांत खुपायला लागली. मैत्रीण म्हणाली, “फ्रीलान्स लिही ना, सगळे लिहितात.” लिहिलं. लिंक्डइनवर गेलं. तिथून लग्नाच्या बायोडेटात आलं. तिथून नवऱ्याच्या डोक्यात. आणि त्याच्या डोक्यातून, अरे देवा, सासऱ्यांच्या. ते अजून नातेवाइकांना कौतुकानं सांगतात, सून मधे स्वतंत्र कन्सल्टन्सी करत होती.

“एकही क्लायंट नव्हता?” नवऱ्यानं विचारलं.

“एक होता. अकरा पौंडांचा. रात्री दोनला उठायचा.”

तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल. थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसला आणि म्हणाला, “लग्न मोडलेलं सांगितलंस, आणि हे नाही सांगितलंस?”

याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. लग्न मोडलं ही माझी चूक नव्हती, म्हणून ते सांगता आलं. सहा महिने घरी बसणं मात्र मला माझी चूक वाटत होती. आपल्या पिढीला कुणी सोडून गेलं तर एकवेळ चालतं, पण सीव्हीत गॅप? बाप रे! मी त्याला हे असंच सांगितलं, जरा अडखळत. तो उठला, पाणी प्यायला, परत बसला. “बाबांना तूच सांग,” एवढंच म्हणाला. ते अजून बाकी आहे. येत्या रविवारी जेवायला जातोय.

आता विचार करा, मी ‘सेल्फ-एम्प्लॉइड’ ठोकून दिलं असतं तर काय? एका रकान्यात मी कॅनडात, व्हिजिटर. दुसऱ्यात त्याच महिन्यांत मी धंदा करतेय. कुठून? कुणासाठी? बिलं कुठायत, बँकेत पैसे कुठायत? अधिकाऱ्याला यातलं काही खटकलं तर तो खुलासा मागवतो. त्या पत्राला ‘प्रोसिजरल फेअरनेस लेटर’ असं गोंडस नाव आहे. ते आलं की लोकांना घाम फुटतो. म्हणजे माझी टुरिस्ट ट्रिप साधी, सरळ, निरुपद्रवी होती. तिला संशयास्पद करणारी गोष्ट कॅनडात घडलीच नव्हती. ती पुण्यात, माझ्या सीव्हीत घडली होती.

मीच टाइप केलं. एप्रिल ते सप्टेंबर : अनएम्प्लॉइड. शब्द स्क्रीनवर आला आणि काहीही झालं नाही. छत कोसळलं नाही. पुढचा रकाना उघडला.

मग एका वेगळ्या पानावर लेटर ऑफ एक्स्प्लनेशन लिहिलं. मार्चमध्ये नोकरी सोडली, एप्रिल ते सप्टेंबर बहिणीच्या बाळंतपणासाठी व्हिजिटर म्हणून १७२ दिवस कॅनडात होते, त्या काळात पगारी काम केलं नाही, माझं घर पुण्यातच होतं, परतल्यावर ऑक्टोबरमध्ये नवी नोकरी धरली. लिंक्डइनवर ‘फ्रीलान्स’ असं लिहिलं होतं, ते बरोबर नव्हतं, हेही लिहिलं. पासपोर्टची पानं आणि तिकिटं जोडली. लिंक्डइनही त्याच रात्री बदललं. सकाळी सात जणांनी अभिनंदन केलं. कशाबद्दल, देव जाणे.

आता तुमच्यापैकी कुणाचे आई-बाबा दरवर्षी अमेरिकेला नातवंडांकडे जात असतील तर इकडे कान द्या, कारण तिथे हाच घोळ उलट्या बाजूनं होतो. नागरिकत्वासाठी अमेरिका पाच वर्षं मोजते ती ग्रीन कार्ड मिळाल्यापासून. त्याआधी टुरिस्ट म्हणून दहा वेळा जाऊन आलात तरी त्यात एकही दिवस धरत नाहीत. पण अमेरिकेचं टॅक्स खातं? ते व्हिजिटरचे दिवसही मोजतं! या वर्षीचे पूर्ण, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली आणि या वर्षी ३१ दिवस तरी तिथे होतात, की टॅक्सपुरते तुम्ही रहिवासी. दरवर्षी १२० दिवस गेलात तर १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८०. थोडक्यात वाचलात. दरवर्षी पाच महिने गेलात, म्हणजे १५०, तर बेरीज होते २२५. त्या वर्षातले दिवस १८३च्या आत असतील तर ‘माझं घरदार, गणगोत सगळं भारतात आहे’ असा फॉर्म भरून सूट मागता येते, पण तो वेळेत भरावा लागतो. म्हणजे इमिग्रेशन म्हणतं तुम्ही पाहुणे, टॅक्सवाले म्हणतात घरचेच. पैसे घ्यायचे असले की पाहुण्याला घरचं म्हणण्याची पद्धत तिकडेही आहे तर!

आणि ब्रिटनमध्ये? स्किल्ड वर्कर व्हिसावर पाच वर्षं काढून कायमचं राहण्याचा अर्ज करताना व्हिजिटर म्हणून गेलेला वेळ धरत नाहीत. संपला विषय.

कॅनडात मात्र एक गोड अपवाद सापडला, रात्री दीड वाजता. नागरिकत्वासाठी अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात असावं लागतं. त्यात पीआर होण्याआधीचे दिवसही धरतात, तात्पुरत्या पण कायदेशीर स्टेटसवर काढलेले. विद्यार्थ्यांचे, कामगारांचे... आणि व्हिजिटरचेसुद्धा. प्रत्येक दिवसाचा अर्धा दिवस, जास्तीत जास्त ३६५. ऑक्टोबर २०१७पासून हा नियम आहे.

मी ओरडलेच. १७२चे अर्धे, ८६ दिवस! कुणीतरी माझं राहणं मोजलं! अर्धंमुर्धं का होईना!

नवऱ्यानं शांतपणे पेन काढलं. (हा माणूस कॅल्क्युलेटर असताना पेन काढतो.) पीआर कधी येणार, आपण कधी जाणार, तिथे पावणेतीन वर्षं कधी भरणार, आणि त्या तारखेपासून मागे पाच वर्षं मोजली तर कुठे पोचतो? २०२२ त्याच्या बाहेर पडत होतं. पार बाहेर. माझे ८६ दिवस अर्जाच्या आधीच शिळे होणार.

“गेले,” तो म्हणाला.

“जाऊ देत,” मी म्हटलं, पण जरा लागलंच.

फॉर्म पुढच्या बुधवारी गेला. बॉनचा कागद यायला वेळ लागला, म्हणून सबमिट करेपर्यंत नवरा रोज जर्मनीच्या टपालखात्याला शिव्या देत होता. ज्या देशात तो राहिला, त्या देशाबद्दल इतकी आत्मीयता मी त्याच्यात पहिल्यांदाच पाहिली.

त्या रात्री ताईचा फोन आला. मागे भाची काहीतरी सांडून ओरडत होती.

“झालं एकदाचं? माझ्याकडचं काय लिहिलंस?”

“व्हिजिट. १७२ दिवस.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी तुझ्याकडे राहत नव्हते. नुसती येऊन गेले.”

“काहीतरीच! चांगली सहा महिने राहिलीस की,” ताई म्हणाली, “मलाच माहितीये, तांदूळ किती आणावे लागायचे ते.”